शब्द शेपटाकडून वाच

पत्र :

आदरणीय मॅडम,

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेडेगावातली आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, बारावी आर्ट्स. आता जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी वाक्यं कशीबशी कळतात, पण पुस्तकातले हातभर लांब शब्द बघितले की छातीत धडधडायला लागतं. सगळे एकसारखेच दिसतात. मध्यंतरी वर्गात मला उठवून एक शब्द वाचायला सांगितला. मी त्याची सुरुवात ‘छोले’ अशी केली आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसते. रोज रात्री वीस शब्द पाठ करते, सकाळी पाच उरतात. आई म्हणते, झेपत नसेल तर परत ये.

गौरीला घरी गेले तेव्हा मावशी आली होती. ती ३४ वर्षांची आहे, ऊसतोडीला जाते. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, असं सांगते. तिने ऑपरेशनचं दवाखान्यातलं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तू नर्स होणार ना, काय लिहिलंय सांग. त्यावर ‘टोटल अ‍ॅब्डॉमिनल हिस्टरेक्टमी विथ बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी’ असं होतं. तेव्हा मला ते वाचताही आलं नाही. नंतर अक्षरं उतरवून आणली आणि मैत्रिणीकडून उच्चार विचारला. मी खरंच नर्स होऊ शकते का?

– एक विद्यार्थिनी

उत्तर :

प्रिय बाळ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. हो, होशील. मी काही वर्षं वॉर्डात काम केलं आणि नंतर २९ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. दरवर्षी तुझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या मुली पहिले काही महिने रडायच्या, आणि तिसऱ्या वर्षाला त्याच मुली हॉस्टेलच्या जिन्यात बसून नव्या पोरींना शब्द फोडून दाखवायच्या. तू वीस-वीस शब्द पाठ करतेस, घोटाळा तिथे आहे. हे शब्द पाठ करायचे नसतातच. ते फोडायचे असतात.

आता त्या ‘छोले’कडे येऊ, कारण ते तुझ्या मनात रुतून बसलंय. तो शब्द बहुधा कोलेसिस्टेक्टमी असणार. सी आणि एच शेजारी आले की ‘च’ म्हणायचं, हे तुला शाळेत शिकवलं. चेअर, चॉक, चाइल्ड. ते चूक नाही. पण वैद्यकातले लांब शब्द बहुतेक ग्रीक भाषेतून आलेत, आणि ग्रीकमधल्या एका अक्षरासाठी इंग्रजीत सी-एच लिहितात आणि ‘क’ म्हणतात. हा नियम तू कितीतरी वर्षं पाळते आहेस. स्टमक सी-एचने संपतो, त्याला तू स्टमच म्हणत नाहीस. औषधाच्या दुकानाच्या पाटीवर केमिस्ट लिहिलेलं असतं, त्याला चेमिस्ट म्हणत नाहीस. कॉलरा, क्रॉनिक, ब्राँकायटिस, ट्रेकिया, सायकिअ‍ॅट्री, सगळीकडे तेच सी-एच आणि तोच ‘क’. वर्गात हसलेल्या मुलींनी तो शब्द आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता. तू तो पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होतीस. फरक एवढाच होता. उद्यापासून पुढच्या बाकावर बस.

कोलेसिस्टेक्टमी इंग्रजीत १५ अक्षरांचा आहे. एका दमात वाचायला गेलीस तर धाप लागणारच. तीन तुकडे कर. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणं. पित्त, पिशवी, काढणं. आता सांग, तुमच्या गावात कुणाचं हे ऑपरेशन झालं तर पारावर लोक काय म्हणतात? ‘त्याची पित्ताची पिशवी काढली.’ शब्दाला शब्द, आणि क्रमसुद्धा तोच. जो शब्द तुला परका वाटला, तो तुझ्या गावचे लोक रोज मराठीत बोलतात.

आणि कोले एकदा ओळखीचा झाला की त्याची सगळी भावकी ओळखीची होते. कोलेसिस्टायटिस म्हणजे त्या पिशवीला आलेली सूज. कोलेलिथियासिस म्हणजे पित्ताचे खडे, कारण लिथ म्हणजे दगड. कोलेस्टेरॉलमध्येही तेच कोले आहे. हा पदार्थ आधी पित्ताच्या खड्यांत सापडला, म्हणून पित्त आणि घट्ट असे दोन ग्रीक शब्द जोडून त्याचं नाव ठेवलं. चार शब्द झाले, पाठ एकही केला नाहीस.

शब्द फोडताना सुरुवात शेपटाकडून करायची. आपण भाजीवाला, दूधवाला, रिक्षावाला ऐकतो तेव्हा ‘वाला’ कळला की अर्धं काम झालेलं असतं, उरलेल्या अर्ध्यात तो काय विकतो किंवा चालवतो एवढंच बघायचं. वैद्यकीय शब्दाचं शेपूट तसंच सांगतं की इथे काय घडलंय किंवा काय केलंय. मग मागून पुढे येत कुठे घडलंय ते शोधायचं.

सर्वांत जास्त भेटणारं शेपूट आयटिस. आय-टी-आय-एस ही चार अक्षरं शेवटी दिसली की दाह: तो भाग लाल, गरम, सुजलेला, दुखरा. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, ब्राँकायटिस, मेनिंजायटिस, आर्थ्रायटिस. गॅस्ट्रोएन्टरायटिस हाही १५ अक्षरांचा. गॅस्ट्र म्हणजे जठर, एन्टर म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे दाह. मध्ये जो ‘ओ’ दिसतो त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो दोन तुकडे जोडणारा डिंक आहे. शेपूट स्वराने सुरू होत असेल तर तो ‘ओ’ गळतो, म्हणून गॅस्ट्र आणि आयटिस मिळून नुसतं गॅस्ट्रायटिस होतं. आठवीच्या व्याकरणात संधी केला होतास ना, तेच आहे हे. हिपॅटायटिसबद्दल मात्र एक लक्षात ठेव. आपण सरसकट त्याला कावीळ म्हणतो. शब्द फोडलास तर त्यात पिवळं काहीच नाही, यकृताचा दाह एवढंच आहे. कावीळ हे बाहेर दिसणारं लक्षण आहे. ते पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी दिसतं, आणि हिपॅटायटिस असूनही डोळे पांढरेच राहिलेले रुग्ण तुला भेटतील.

शेपटांमध्ये तीन बहिणी आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. तिघींचा शेवट टी-ओ-एम-वाय. गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठर चिरून उघडलं, आत काय करायचं ते केलं आणि शिवलं. गॅस्ट्रॉस्टमी म्हणजे जठराला पोटावर नवं तोंड पाडलं, त्यातून नळीने अन्न देतात. गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर, सगळं किंवा काही भाग, काढूनच टाकलं. दोन-तीन अक्षरांच्या फरकाने माणसाचं जठर जागेवर राहतं किंवा जातं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कापणं. तू विज्ञानात अ‍ॅटम शिकलीस, त्यातला टम तोच, ‘जो कापता येत नाही तो’. टमीच्या आधी ई-सी आलं की ‘बाहेर’. टमीच्या आधी एस आला की स्टोमा, म्हणजे तोंड. हे तर आपल्या मराठीला सांगायलाच नको. गळू फुटायला आलं की आपण काय म्हणतो? ‘त्याला तोंड पडलं.’ कोलॉस्टमी झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना मी नेहमी तसंच सांगत असे: मोठ्या आतड्याला पोटावर तोंड काढून दिलंय. सगळे माना डोलवायचे.

शेपटाकडून पुढे आलीस की शब्दाच्या तोंडाशी छोटे तुकडे असतात, आणि इथे मला फार आनंद होतो, कारण त्यातले कितीतरी आपल्या घरचेच आहेत. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा. त्यांचे काही शब्द सख्ख्या चुलत भावंडांसारखे दिसतात. अ‍ॅनिमियातला अ‍ॅन म्हणजे आपल्या अनादि-अनंतातला अन्, ‘नाही’. उरलेला भाग रक्ताचा, म्हणून अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त नसणं, कमी असणं. डिस्प्निया म्हणजे धाप लागणं, त्यातला डिस म्हणजे दुष्काळ-दुर्गंधीतला दुस्. पेरिकार्डियममधला पेरि म्हणजे परिक्रमेतला परि, भोवतालचा, आणि कार्डि म्हणजे हृद. ऑस्टिओ म्हणजे अस्थि. हिपॅट आणि यकृत कानाला वेगळे लागतात, पण मूळ एक. एन्टर आणि आंत्र, ज्यातून आपलं आतडं आलं, तेही एकच. लहान आतड्याच्या पहिल्या भागाला ड्युओडेनम म्हणतात. त्या नावाचा अर्थ बारा, कारण जुन्या वैद्यांनी त्याची लांबी बोटांनी मोजली आणि ती बारा बोटं भरली. ड्युओडेसिम आणि द्वादश शेजारी लिहून बघ.

सगळंच एका घरचं नाही. स्नायूला मसल म्हणतात तो लॅटिन शब्द ‘छोटा उंदीर’ या अर्थाचा, कारण दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. आपल्या लोकांना तिथे बेडूक दिसला, म्हणून आपण बेडकुळी म्हणतो. हे परीक्षेत कुणी विचारणार नाही. पण एकदा ऐकलंस की मायोकार्डियम (हृदयाचा स्नायू) किंवा मायअ‍ॅल्जियातला (स्नायूंचं दुखणं) ‘माय’ विसरणार नाहीस, तो ग्रीक उंदीरच आहे.

दोन तुकडे मात्र असे आहेत की ते झोपेतून उठवून विचारले तरी चुकता कामा नयेत: हायपर आणि हायपो. हायपर म्हणजे उपरि, वर, जास्त. सरकारी पत्रात ‘उपर्युक्त’ लिहितात त्यातलं. हायपो म्हणजे उप, खाली, कमी. मी मुलींना घेऊन एका वॉर्डात असतानाची गोष्ट. साठीचे एक शेतकरी, मधुमेह, इन्सुलिन चालू. हँडओव्हरच्या वहीत शाई फाकली होती. रात्रपाळीने लिहिलेलं कुणीतरी हायपरग्लायसेमिया असं वाचलं आणि इन्सुलिनची तयारी झाली. सिरिंज भरलेली होती. तेवढ्यात कॉटशेजारी बसलेली सून म्हणाली, ‘बाई, मामांना दरदरून घाम फुटलाय, हात बघा कसे थरथरतात.’ माझी विद्यार्थिनी, पहिल्या वर्षाची, थांबली. तिने बोटाला टोचून साखर बघितली. ५२. मोठ्या माणसात ७० च्या खाली म्हणजे कमी. वहीतला शब्द हायपोग्लायसेमिया होता: कमी, साखर, रक्तात. मामा शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. ते इन्सुलिन गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नकोसा वाटतो. म्हणून हे दोन तुकडे कधीही आखूड करून लिहू नकोस, आणि शंका आली तर आधी रुग्णाकडे बघ.

स्पेलिंगचं थोडं सांगते. डायरिया सगळ्या मुली चुकतात. डी-आय-ए-आर-आर-एच-ओ-ई-ए. दोन आर आणि एच एकत्र दिसले की ते ग्रीक आहे असं समज. डाय म्हणजे आरपार, पुढचं वाहणं. आपला अतिसार असाच बनलाय, सार म्हणजे सरणं, वाहणं. आणि तो वाहण्याचा ग्रीक शब्द आपल्या स्रावाचा चुलतभाऊ आहे. पण आर-आर-एच दिसला म्हणजे दर वेळी वाहणंच असं नाही. हेमरेजमध्ये तो ‘फुटण्याचा’ आहे आणि हर्निऑऱ्हाफीत, म्हणजे हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये, ‘शिवण्याचा’. पहिली तीन अक्षरं सारखी म्हणून अर्थ सारखा धरू नको, तुकडा पूर्ण वाच.

ओमा या शेपटाबद्दल तर मी विनवूनच सांगेन. पुस्तक सांगतं ओमा म्हणजे गाठ. कार्सिनोमा हा कर्करोग आहे. पण लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, ती वर्षानुवर्षं पाठीवर घेऊन लोक शेतं नांगरतात. हेमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठच नसते, तो डोळ्याचा आजार, काचबिंदू. नुसत्या शेपटावरून रुग्णाला ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘काही नाही’ असं कधी सांगू नकोस. फोडलेला शब्द तुला दिशा देतो. निदान डॉक्टर करतात, रिपोर्ट बघून.

आणि सर्वांत लांब शब्दाची भीती असेल तर तीही काढून टाक. इंग्रजी शब्दकोशात ४५ अक्षरांचा एक शब्द आहे: न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस. १९३५ साली अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळात तो मुद्दाम लांबलचक करून बनवला. शेपटाकडून ये. कोनिओसिस म्हणजे धुळीने झालेला आजार. व्होल्कॅनो ज्वालामुखी, सिलिको म्हणजे सिलिका, दगडातली. मायक्रोस्कोपिक तुला माहीत आहे, अल्ट्रा म्हणजे त्याच्याही पलीकडे. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस. अतिशय बारीक सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. वॉर्डात त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि खडी फोडणाऱ्या, दगड घासणाऱ्या कामगारांत तो खरोखर दिसतो. ४५ अक्षरांत तुला न समजणारं आता काही उरलं का?

अभ्यास कसा करायचा ते सांगते. शंभर पानी वही घे. शब्दांची नव्हे, तुकड्यांची. रोज पाच तुकडे, त्याहून जास्त नको. तुकडा इंग्रजीत लिही, शेजारी देवनागरीत उच्चार, त्याच्यापुढे मराठी अर्थ, आणि खाली तुझ्या पुस्तकात तो जिथे-जिथे भेटला ते शब्द भरत जा. काही शिक्षक देवनागरीत लिहू देत नाहीत. माझं मत वेगळं आहे. पहिले तीन महिने लिही, जीभ वळली की आपोआप सुटेल. मात्र इंग्रजी स्पेलिंग सोडून नुसतं देवनागरीत कधी लिहू नकोस. का ते हिस्टोमध्ये बघ. हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे शरीरातून काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, त्यातला हिस्टो एच-आय-एस-टी-ओ असा आहे, अर्थ विणलेलं कापड. आपणही टिश्यूला ऊती म्हणतो, आणि ऊती म्हणजे विणणंच. हिस्टरेक्टमीतला हिस्टर एच-वाय-एस-टी-ई-आर असा आहे, अर्थ गर्भाशय. देवनागरीत दोघींची सुरुवात हुबेहूब एक. रोज संध्याकाळी मोठ्याने वाच, मैत्रिणीला वाचायला लाव, आणि आज वॉर्डात दिसलेला एक शब्द फोडून तिला घरच्या मराठीत सांग. ज्या दिवशी सांगता येईल त्या दिवशी तो तुझा झाला.

आता मावशीचं कार्ड. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आता ते तुझं तुलाच वाचता येईल. माझ्याबरोबर वाच.

टोटल म्हणजे पूर्ण: गर्भाशय त्याच्या मुखासकट. अ‍ॅब्डॉमिनल म्हणजे पोटावर छेद घेऊन. हिस्टर, गर्भाशय. एक्टमी, काढलं. इथपर्यंत ‘पिशवी काढली’ हे मावशीचं म्हणणं बरोबर आहे. पण पुढे ‘विथ’ आहे, त्या शब्दापाशी थांब. बाय म्हणजे दोन, लॅटर म्हणजे बाजू. साल्पिंग म्हणजे तुतारी. गर्भनलिकेचं टोक तुतारीसारखं पसरट असतं. सोळाव्या शतकात फॅलोपिओ नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिला तशी उपमा दिली आणि नळीला त्याचंच नाव पडलं. ऊफोर म्हणजे अंडं वाहणारं, अंडाशय. त्यातला फोर आपल्या ‘भार’ शब्दाच्या घराण्यातला. आणि शेवटी एकच एक्टमी. ते एक शेपूट साल्पिंगो आणि ऊफोर दोघांना लागतं, जसं आपण ‘आईवडिलांना’ म्हणतो तेव्हा एक ‘ना’ दोघांना लागतो. म्हणजे गर्भाशय तर काढलंच, दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली.

हे मावशीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ‘पिशवी’ या एका शब्दात सगळं बसवून टाकलं. बाळ, तुझ्या जिल्ह्यात हा प्रश्न किती बायकांचा आहे हे तुला माझ्याहून चांगलं माहीत असेल. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात आवाज उठला, सरकारने चौकशी समिती नेमली. मावशीचं ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण काय काढलं हे जाणून घ्यायचा तिचा हक्क आहे, आणि ते तिच्या भाषेत सांगू शकणारी तिच्या घरात एकच व्यक्ती आहे.

अंडाशयांतून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येतं. नैसर्गिकपणे पाळी जाते तेव्हा ते हळूहळू, काही वर्षांत कमी होतं. दोन्ही अंडाशयं एका दिवशी काढली की ते एका दिवसात आटतं, मग बाई ३२ वर्षांची का असेना. अंगातून वाफा निघणं त्याचंच असू शकतं. हाडंही लवकर ठिसूळ होतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात: ऑस्टिओ अस्थि, पोर म्हणजे छिद्र. मावशीची कंबर मोळ्या उचलून दुखते की हाडं झिजल्याने, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ‘तुझी हाडं गेली’ असं काही तिला सांगू नको. एवढंच सांग की या दोन तक्रारींचा ऑपरेशनशी संबंध असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

सांगताना तिला एकटीला घे. दहा जणींत नको, काकांसमोर तर आधी नकोच. ‘का काढू दिलंस’ हा प्रश्न तोंडातून येऊ देऊ नकोस. कागदावर गर्भाशय, दोन नळ्या, दोन अंडाशयं काढून दाखव, तुझ्या शरीररचनेच्या पुस्तकात चित्र आहेच. तिला रडू आलं तर येऊ दे, तू नुसती जवळ बस.

मग तिला जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. कार्डाची झेरॉक्स नको, मूळ कार्ड ने, आणि झेरॉक्स घरी ठेव. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या भागाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट असेल तर तो शोध. नसेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे मागा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: वाफांसाठी संप्रेरकाच्या गोळ्या तिला चालतील का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती घ्यायचं, आणि हाडांची तपासणी करायला हवी का. कामाचं स्वरूप त्यांना नीट सांगा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते हे मावशी आपणहून सांगणार नाही, ते तू सांग.

हे सगळं दसऱ्याच्या आत व्हायला हवं. एकदा मुकादमाची उचल घेऊन ती कारखान्यावर गेली की चैत्रापर्यंत तिला दवाखाना दिसणार नाही. येत्या रविवारी सुट्टी मिळत असेल तर जा, आणि तुकड्यांची वही बरोबर ने. डॉक्टर केसपेपरवर जे लिहितील ते तिथेच, बाकावर बसून, मावशीला फोडून सांग.

तुझी,
मॅडम